चंद्रावरचं ठिगळ

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या नरहरी टेलरना त्यांच्या मुलीने एका रविवारी दुपारी चंद्रावर नेलं, आणि तिथे त्यांना आपली अब्रू खुंटीला टांगलेली दिसली.

चंद्र आपला नव्हे. कुठल्या तरी परक्या सूर्याच्या, कुठल्या तरी निळ्या ग्रहाचा. सहना आठवडाभर कंपनीत काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून अवकाशात हिंडायची. लग्नाच्या वयाच्या मुलीने अवकाशात हिंडावं की नाही, याबद्दल मोहल्ल्यात दोन मतं होती. नरहरींचं म्हणणं एवढंच, की तिकडे जायला बसभाडं पडत नाही आणि चप्पल झिजत नाही, मग हिंडू दे की.

हा खेळ बनवणाऱ्यांनी जागोजागी गमती लपवून ठेवलेल्या असतात. एखाद्या गुहेत जुन्या इंग्रजी सिनेमातून पळून आल्यासारखा गंजका यंत्रमानव, एखाद्या यानात जुन्या जाहिरातीचं गाणं गुणगुणणारं कॉफीचं मशीन, कुठे कुण्या गायकाचे चमकीचे बूट. खेळ जिंकण्याशी त्यांचा सहसा काही संबंध नसतो. ज्याला ओळखू येईल त्याने ओळखावं आणि खूश व्हावं. या गमतींना ईस्टर एग म्हणतात, असं सहनाने एकदा सांगितलं होतं. तेव्हा तिच्या आईने, भाग्याबाईंनी, आज एकादशी आहे एवढीच आठवण करून दिली आणि तो विषय तिथेच मिटला होता.

त्या रविवारी मात्र सहनाने वडिलांना हात धरून टीव्हीपुढे बसवलं. पडद्यावर नुसती रेती होती, आणि रेतीतून एका देवळाचा कळस वर आलेला.  ही रेती त्यांनी पाहिली होती. कळसामागे एक दार होतं, दारामागे खोली, आणि खोलीत एक चंदेरी पोशाख. उभी कॉलर, छातीवर तिरपी झिप, खांद्यावर दुहेरी चुण्या. कॉलर बघताच नरहरी उठून उभे राहिले. जगात अशी कॉलर एकाच माणसाने शिवली होती.

"अप्पा, तू सांगायचास तो सिनेमातला ड्रेस हाच ना?" सहना म्हणाली. "बघ, जगभरचे लोक हा शोधत इथवर येतात."

नरहरींचा ऊर भरून आला. तो भरलेला असतानाच पोशाख हळूहळू गिरकी घेत पाठमोरा झाला. बैठकीच्या जागी लाल चौकड्याचं मोठं ठिगळ होतं. सहनाने कुठलं तरी बटण दाबलं, आणि टीव्हीतून कापड फाटल्याचा खणखणीत आवाज आला.

नरहरी खाली बसले.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या फाटण्याबद्दल लोकांनी कायम एकच बाजू ऐकलेली आहे. नरहरी विशीत असताना म्हैसूरला एक सिनेमा कंपनी आली होती. 'चंद्रलोकदल्ली चिन्नप्पा' नावाचा कन्नड चित्रपट काढायचा होता आणि नायकाला चंद्रावर घालायला कपडे हवे होते. नरहरींचे वडील दसऱ्याच्या बँडवाल्यांच्या गणवेशात बुडालेले. त्यांनी हे काम मुलाकडे ढकललं. कापड मंडपवाल्याकडचं, ज्याला ताण म्हणून माहीत नाही. मापं घेतली तेव्हा नायक सडपातळ होता. पुढे शूटिंग लांबलं, आणि नायक ज्या हॉटेलात उतरला होता तिथल्या लोण्याने थबथबलेल्या बेण्णे दोशाला त्या काळी सगळ्या राज्यात तोड नव्हती. मग जवळच्या तलकाडला, देवळं गाडून टाकणाऱ्या रेतीत चंद्र उभा राहिला, नायक झेंडा रोवायला वाकला, आणि जे व्हायचं ते झालं. शिवण उसवली नाही, हे नरहरी आजही शपथेवर सांगतात. कापड गेलं. शिवण उसवणं हा शिंप्याचा दोष, कापड जाणं हा दोशाचा.

नरहरींनी तिथल्या तिथे आचाऱ्याचा लाल चौकड्याचा पंचा घेऊन ठिगळ लावलं. रीळ संपत आलं होतं म्हणून दिग्दर्शकाने फाटण्याचा प्रसंगही तसाच ठेवला. थिएटरात झेंड्याच्या वेळी लोकांनी अभिमानाने उभं राहावं अशी अपेक्षा होती. लोक खुर्च्यांवरून खाली पडले. चित्रपटही पडला. नरहरी मात्र पडले नाहीत. त्यांनी दुकान सांभाळलं, नाव केलं. त्यांच्याकडच्या पँटच्या बैठकीला आतून आणखी एक टीप असते, न सांगता घातलेली. हळूहळू ज्यांनी तो सिनेमा पाहिला होता ते लोक म्हातारे झाले, विसरले, गेले. नरहरींना वाटत होतं, आता प्रकरण मिटलं.

ते चंद्रावर निघालं.

हे सगळं नरहरींनी मनात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण सोमवारी दुकान उघडताना समोरचे सराफ नरसिंहमूर्ती यांनी चेहरा का उतरलाय म्हणून विचारलं, आणि नरहरींनी सांगून टाकलं. नरसिंहमूर्ती हे मोहल्ल्यातले बहुधा शेवटचे गृहस्थ, ज्यांनी तो सिनेमा थिएटरात जाऊन पाहिला होता. त्यांनी अतिशय गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या दुकानात गेले आणि काउंटरमागे खाली वाकून बराच वेळ काही तरी शोधत राहिले. त्यांचे खांदे हलताना रस्त्यावरून दिसत होते. दुपारपर्यंत ही बातमी फुलवाल्यांपर्यंत पोचली.

सल्ले यायला लागले. एक म्हणाला, भरपाई मागा. दुसरा म्हणाला, गप्प बसा, सुम्मने, उगाच बोभाटा कशाला. भाग्याबाई म्हणाल्या, आता हा पोरांचा खेळ, त्यात कोण तुमचं नाव वाचतंय. पण नरहरींना नावाचं दुःख नव्हतं. रोज जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणी तरी ते बटण दाबत असेल आणि तो आवाज येत असेल, हे त्यांना सहन होत नव्हतं. शिवणयंत्र चालवताना मध्येच त्यांचा पाय थांबायचा. मागणी साधी होती. ठिगळ काढा. तेवढं काढा, बाकी पोशाख राहू द्या, कॉलर तर राहूच द्या.

कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले रणोजीराव हे काम ऐकून टवटवीत झाले. त्यांनी इंग्रजीत असा मसुदा तयार केला, की पहिलं वाक्य दुसऱ्या पानावर संपत होतं. पण तो पाठवायचा कुठे? कंपनी परदेशात, तिची तक्रार फक्त संगणकावरून घेतली जायची, आणि संगणकाला रणोजीरावांच्या इंग्रजीत रस नव्हता. त्याला भलतंच हवं होतं. खेळाडूचं नाव काय, पातळी कितवी, ग्राफिक्स कार्ड कोणतं. रणोजीरावांनी विचारलं, कार्ड रेशनचं चालेल की आधारच लागेल? शेवटी सहनाच्या नावाने एक तक्रार कशीबशी गेली. लगेच उत्तर आलं, की आपली अडचण समजली, कृपया आपलं मशीन बंद करून पुन्हा चालू करावं. नरहरींनी शिलाई मशीनकडे बघितलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं.

सहनाने मग नियम वाचून काढले. तक्रार फक्त खेळाडूलाच करता येत होती. म्हणजे आधी खेळाडू व्हायचं. शिवाय जिथे चूक आहे तिथे स्वतः जाऊन, खेळाच्या आतूनच फोटो काढून जोडायचा. सहना म्हणाली, मी जाऊन काढते. पण तिच्या तक्रारीला कंपनीने आधीच उत्तर दिलं होतं, तीच तक्रार तिला पुन्हा करता येत नव्हती. अशा रीतीने आयुष्यात कधी पत्ते न खेळलेले नरहरी अवकाशयात्री झाले.

लग्नसराई तोंडावर आलेली. संकर्षण नावाच्या एका नवऱ्या मुलाचा आणि त्याच्या सगळ्या काकामामांचा कपडा दुकानात येऊन पडला होता. आणि नरहरी जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन टीव्हीपुढे बसत होते. सहना ऑफिसात असायची, म्हणून सोबतीला नरसिंहमूर्ती येत. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे ते सतत सूचना देत. त्यांच्या सांगण्यावरून नरहरी एकदा इंधनाच्या विहिरीत पडले. एकदा स्वतःच्याच यानाखाली सापडले. एकदा एका परग्रहवासीयाने फार अदबीने काही विचारलं, नरहरी हो म्हणाले, आणि नंतर कळलं की त्यांनी यान विकलं होतं. भाग्याबाई ताक घेऊन आल्या की विचारायच्या, आज कसे गेलात. नरहरी सांगायचे. हे त्यांच्या संसारातलं नेहमीचं बोलणं झालं होतं.

अखेर एका दुपारी ते त्या चंद्रावर पोचले. रेतीतून चालताना त्यांना खरोखर तलकाडचं ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी पोशाखाच्या पाठमोऱ्या बाजूचा फोटो काढला, तोही नीट, कॉलर दिसेल असा. मग ते इतके खूश झाले की उडी मारायला गेले आणि कड्यावरून पडून मेले. पण तक्रार तोवर गेली होती.

थोड्याच दिवसांत दुकानात फोन आला. कंपनीच्या बेंगळुरूच्या ऑफिसातून जय नावाचा मुलगा बोलत होता. मूळचा सातारचा. मराठी ऐकून दोघांनाही बरं वाटलं.

"काका, तुमच्या तक्रारीवर काम सुरू झालंय," जय म्हणाला. "लवकरच पॅच येईल."

"पॅच येईल म्हणजे?"

"म्हणजे आम्ही एक पॅच लावू. सगळ्यांकडे आपोआप लागेल."

"अवो, पॅच आहे म्हणून तर तक्रार केली की मी. तुम्ही अजून एक लावणार?"

"हो काका. आधीचं दुरुस्त करायला नवीन लावावाच लागतो."

नरहरींनी हातातली कात्री खाली ठेवली. ठिगळावर ठिगळ कुठला शिंपी लावतो? मग त्यांनी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं, "तुमच्या धंद्यात हे असंच चालतंय काय?"

"सगळीकडे असंच चालतं. दर महिन्याला एक तरी लागतोच."

"मग पहिल्यांदाच नीट शिवत का नाही तुम्ही?"

जय म्हणाला, हा प्रश्न त्याच्या ऑफिसातही बऱ्याच जणांना पडलेला आहे.

संध्याकाळी सहनाने घरून पुन्हा फोन लावून दोघांनाही समजावलं, की इथे पॅच म्हणजे दुरुस्ती. नरहरींना ते पटलं, पण आवडलं नाही. चाळीसहून अधिक वर्षं ज्या शब्दाने त्यांची झोप घालवली, तो शब्द जगाने असा वाटेल तसा वापरावा, हे काही बरोबर नव्हतं.

दुरुस्ती आली. सहनाने ऑफिसला जाण्याआधी टीव्ही लावला. सगळे जमले, रणोजीराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चंदेरी पोशाख सावकाश पाठमोरा झाला. लाल चौकड्याचं ठिगळ गेलं होतं. सांगितल्याप्रमाणे तेवढंच काढलं होतं. त्यामुळे खालचं फाटलेलं कापड आता मोकळं झालं होतं, आणि फटीतून निळ्या पट्ट्यांची चड्डी स्पष्ट दिसत होती.

 नरसिंहमूर्ती पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्याच दिवशी दुपारी नवरा मुलगा संकर्षण दुकानात आला. चेहरा पडलेला. नरहरींना वाटलं, आता हा कपडा परत मागणार. निळ्या पट्ट्या याच्याही कानावर गेल्या असणार, आणि बोहल्यावर बसताना असला धोका कोण पत्करतो? त्यांनी तोंडात टाचण्या धरल्या आणि काही न बोलता त्याच्या छातीचं माप घ्यायला सुरुवात केली.

संकर्षण स्वतःहूनच बोलायला लागला. तो एक खेळ खेळत असे, अवकाशातला. त्यात खेळाडूला अंगावर चढवता येणारा एक चंदेरी पोशाख होता आणि त्याला मागे लाल ठिगळ होतं. साऱ्या खेळात ते एकच कापड असं होतं की ज्यातून काहीही आरपार जात नव्हतं. आग नाही, गोळी नाही, ॲसिडचा पाऊस नाही. शत्रू आला की पाठ फिरवून वाकून उभं राहायचं, बस्स. जगभरचे खेळाडू असेच उभे राहून मोठमोठ्या लढाया जिंकत होते.

"आणि कुणा मूर्खाने तक्रार करून ते काढायला लावलं," संकर्षण म्हणाला. "सकाळपासून लोक नुसते मरतायत, सर."

नरहरींच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. त्यांनी नुसती मान हलवली. समोर आपल्या दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या नरसिंहमूर्तींनी काही सांगायला तोंड उघडलं. नरहरींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते तसंच मिटलं. मैत्री काय असते ते त्या क्षणी कळतं.

संकर्षण गेला आणि जयचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. जगभरातून इतक्या तक्रारी येत होत्या की ऑफिसात कुणाला मान वर करायला उसंत नव्हती. ही दुरुस्ती जयनेच जोर लावून मंजूर करून घेतली होती. आपल्या गावाकडच्या भाषेत कुणी तरी बोललं, वयस्कर माणूस आहे, म्हणून. आता वरचे लोक विचारत होते, ही कुणाची कल्पना. त्याला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"पण ते आधी तिथं घातलंच कुणी?" नरहरींनी विचारलं. "माझी चेष्टा करायला?"

"नाही काका. आमच्याकडच्या एका डिझायनर बाईंनी. त्यांनी तो सिनेमा लहानपणी आजोळी टीव्हीवर पाहिला होता. मी त्यांना विचारलं, असं का केलंत. त्या म्हणाल्या, त्या सिनेमात चंद्र खोटा, रॉकेट खोटं, मारामाऱ्या खोट्या. शेवटी तर त्या पोशाखाच्या झिपा, कॉलर सगळं लोंबायला लागतं. पण नायक अर्धा सिनेमा धावतो, लोळतो, कड्यावरून उड्या मारतो, आणि ते ठिगळ जागचं हलत नाही. तेवढं एक खरं होतं."

नरहरींनी फोन कानाला धरून ठेवला. कॉलर लोंबत होती हे त्यांना नवीन होतं, पण ते नंतर बघता आलं असतं. ती दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे आली. वारा सुटलेला, रेती सुईच्या नाकात जात होती, नायक पालथा पडून ओरडत होता, आणि ते दातात दोरा धरून, ऊन कलायच्या आत, घट्ट घट्ट टाके घालत होते. ठिगळ म्हटलं की ते नेहमी फाटण्याचाच विचार करत आले होते. फाडलं होतं नायकाने. ठिगळ त्यांचं होतं.

"माझी तक्रार मी मागं घेतो," ते म्हणाले. "तुमच्या साहेबांना सांगा, चूक माझी. मुलाला बोलू नका म्हणावं."

पण निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नव्हती. उलटी तक्रार नव्याने करावी लागणार होती. पुन्हा चंद्र, पुन्हा फोटो. रणोजीरावांनी लगेच मसुदा काढला, ज्यात आधीच्या तक्रारीला बाधा न येता तिच्या नेमकं विरुद्ध मागणी केली होती. सहनाने रजा टाकली आणि वडिलांच्या शेजारी बसली. या वेळी वाट आणखी कठीण होती, कारण चंद्रावर चिडलेल्या खेळाडूंची गर्दी उसळली होती आणि जो तो फोटो काढत होता. नरहरींना तर रांगेत उभं राहावं लागलं. रांगेत त्यांना एका परदेशी खेळाडूने विचारलं, की तुमच्या खेळातल्या नावात म्हैसूर टेलर असं का आहे. सहनाने वडिलांकडे बघितलं. नरहरी म्हणाले, सांग. सहनाने लिहिलं, की हा पोशाख यांनीच शिवलाय, आणि ते ठिगळही.

रांग थांबली. मग पुढचे मागचे सगळे एकेक करून वळले आणि पाठमोरे होऊन खाली वाकले. नरहरी घाबरले, त्यांना वाटलं हा काही तरी अपमान आहे. सहना हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, अप्पा, ते नमस्कार करतायत.

त्यांना रांगेतून पुढे काढण्यात आलं.

आठवड्याभराने जयचा फोन आला. नोकरी टिकली होती. साहेबांनी त्याला पुढच्या वेळी विचारून करत जा एवढंच सांगितलं. नवी दुरुस्ती निघाली होती, ठिगळ परत लागलं होतं, आणि फाटण्याचा आवाज डिझायनर बाईंनी आपणहून काढून टाकला होता. त्याऐवजी आता बटण दाबलं की शिलाई मशीन चालल्याचा आवाज यायचा. नरहरींनी आभार मानले. म्हैसूरला आलास तर जेवायला ये, म्हणाले. फोन ठेवून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या नरसिंहमूर्तींनी काय झालं म्हणून विचारलं. संकर्षणचे कपडेही वेळेत गेले. त्याने बिल देताना, ते ठिगळ परत आलं बरं का, अशी बातमी दिली. नरहरी म्हणाले, असं काय, बरं झालं.

रविवारी दुपारी पुन्हा टीव्ही लागला. भाग्याबाईही पदराला हात पुसत येऊन बसल्या. पोशाख गिरकी घेत पाठमोरा झाला, लाल चौकडे उजळले, मशीन टकटकटक वाजलं. भाग्याबाई म्हणाल्या, चांगलं दिसतंय की, एवढं काय लपवायचं होतं त्यात.

नरहरी पुढे सरकले. चष्मा वर केला, खाली केला. त्या वेळी त्यांनी स्वतः चौकडे सरळ बसवले होते, आडवी रेघ कापडाच्या आडव्या धाग्याला धरून. कंपनीवाल्यांनी नव्याने लावताना ते तिरपे बसवले होते. थोडेच, पण तिरपे. कुणाही शिंप्याच्या डोळ्यांना खुपावेत असे. त्यांचा हात आपोआप फोनकडे गेला.

"काय झालं, अप्पा?" सहनाने विचारलं.

नरहरींनी फोन पालथा करून ठेवला.

"काही नाही," ते म्हणाले. "झकास आहे."